कोअरडम्पसीटीएल ‘इनअ‍ॅक्सेसिबल’ म्हणते तेव्हा: क्रॅशच्या नोंदी आणि युजर परमिशन

लिनक्सवर प्रोग्राम कोसळतो. टर्मिनलवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड’ अशी ओळ येते. पण कोअरडम्पसीटीएल लिस्ट ही क्रॅशची यादी दाखवणारी कमांड चालवली की उत्तर मिळते ‘नो कोअरडम्प्स फाउंड’. पुढे सूडो (रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या हक्काने चालवणे) लावले की तीच यादी भरलेली दिसते. बरेच जण इथे शोध थांबवतात आणि मग कायम सूडोच लावत राहतात. ही सवय घातक आहे. कोअर फाइल म्हणजे प्रोसेसच्या मेमरीची नक्कल असते. डेटाबेसचा पासवर्ड, सेशनच्या किल्ल्या, कुणाचा तरी अर्धवट टाइप केलेला मजकूर, सगळे तिच्यात जसेच्या तसे सापडते. त्यामुळे परमिशन कडक असणे योग्यच आहे. नेमके कुठले कुलूप आडवे आले ते शोधून तेवढेच उघडायला हवे.

कुलपे दोन आहेत, आणि गोंधळ त्यातूनच होतो. क्रॅशची नोंद, म्हणजे वेळ, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), सिग्नल आणि स्टॅक ट्रेस, सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) जर्नलमध्ये, म्हणजे लॉगमध्ये जाते. मेमरीची नक्कल वेगळी, /व्हार/लिब/सिस्टमडी/कोअरडम्प या डिरेक्टरीत पडते. नोंद कोणी वाचायची हे जर्नलचे नियम ठरवतात, फाइल कोणी वाचायची हे फाइलवरचा एसीएल (युजरनिहाय हक्कांची यादी) ठरवतो. एक कुलूप उघडले म्हणून दुसरे उघडत नाही.

(खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत, लहान लिपीत टाकायच्या.)

आधी पाहा, क्रॅश पकडतो कोण

कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न

ओळीची सुरुवात उभ्या रेघेने, म्हणजे पाइपच्या चिन्हाने होत असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) कोअर थेट त्या रेघेनंतर लिहिलेल्या प्रोग्रामला देतो आणि तो प्रोग्राम रूट म्हणून चालवतो. तिथे सिस्टमडी-कोअरडम्प असेल तर या लेखाचा मोठा भाग तुमच्यासाठी आहे. अ‍ॅपोर्ट (उबुंटूचा क्रॅश नोंदवणारा प्रोग्राम) असेल तर शेवटचा भाग आधी वाचा. पाइप नसून नुसते ‘कोअर’ असे नाव असेल तर फाइल कोसळलेल्या प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीत, त्याच प्रोसेसच्या हक्काने लिहिली जाते. त्या डिरेक्टरीत लिहायची परमिशन नसेल तर कोअर तयारच होत नाही, आणि त्याबद्दल वेगळी एरर ओळही येत नाही.

कंटेनर वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: ही सेटिंग प्रत्येक कंटेनरला वेगळी नसते, संपूर्ण कर्नलला एकच असते. कंटेनरमधला क्रॅश होस्टवरच्या प्रोग्रामकडे जातो, आणि तिथे त्याच्यावर होस्टचा यूआयडी (युजरचा क्रमांक) लागतो. कंटेनरच्या आत शोधत बसून हाती काही लागत नाही.

मुद्दाम एक क्रॅश घडवा

खऱ्या क्रॅशवर प्रयोग करण्याऐवजी आपल्याच खात्यातून एक निरुपद्रवी प्रोसेस पाडा:

स्लीप ३०० &
किल -एसईजीव्ही %१
कोअरडम्पसीटीएल लिस्ट

यादीत ‘कोअरफाइल’ नावाचा स्तंभ असतो. निदानाचा निम्मा भाग त्याच एका शब्दात मिळतो.

‘प्रेझेंट’ म्हणजे फाइल आहे आणि तुम्हाला वाचता येते. ‘इनअ‍ॅक्सेसिबल’ म्हणजे नोंद दिसली, पण फाइल वाचायचा हक्क नाही. खरा परमिशनचा प्रश्न हाच. ‘मिसिंग’ म्हणजे फाइल होती, आता पुसली गेली. सिस्टमडी-टीएमपीफाइल्स ती ठरावीक काळाने काढून टाकते; हल्लीच्या आवृत्त्यांत हा काळ २ आठवडे आहे, जुन्यांत ३ दिवस होता. ‘नन’ म्हणजे फाइल साठवलीच नाही. बहुधा यूलिमिट -सी (कोअरच्या आकाराची मर्यादा) शून्य असते, किंवा कोअरडम्प डॉट कॉन्फमध्ये स्टोरेज=नन लिहिलेले असते. ‘ट्रंकेटेड’ म्हणजे आकाराच्या मर्यादेमुळे फाइल अर्धवट कापली गेली. शेवटच्या तीनही प्रकारांत परमिशन बदलून काहीही हाती येणार नाही, त्यामुळे तिथे सीएचमॉडला (परमिशन बदलणाऱ्या कमांडला) हात लावू नका.

यादीच रिकामी आली तर मात्र पहिल्या कुलपाकडे चला.

पहिले कुलूप: जर्नल

सिस्टमडी-कोअरडम्प नोंद लिहिण्याआधी रूटचे हक्क सोडतो आणि कोसळलेल्या प्रोसेसच्या युजरचा यूआयडी घेतो. नोंद त्या युजरच्या जर्नलमध्ये जावी आणि त्याला स्वतःचा क्रॅश दिसावा यासाठी ही योजना आहे. साध्या युजरला स्वतःच्या नोंदी दिसतात, इतरांच्या आणि सिस्टमच्या दिसत नाहीत. कमांड सूचनाही देते: तुम्हाला इतर युजरचे आणि सिस्टमचे संदेश दिसत नाहीत, अमुक ग्रुपमधल्यांना सगळे दिसतात. ही सूचना स्क्रिप्टमध्ये -क्यू देऊन दाबली जाते आणि मग कारण कळत नाही. तपास करताना -क्यू काढून टाका.

आता जी अडचण सर्वांत उशिरा लक्षात येते ती. युजरनिहाय जर्नल वेगळे ठेवण्याची सोय जर्नल डिस्कवर कायम साठवला जात असेल तरच चालते. /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी नसेल तर जर्नल /रन/लॉग/जर्नलमध्ये, म्हणजे मेमरीत राहतो, आणि तिथे सगळ्यांच्या नोंदी एकाच सिस्टम जर्नलमध्ये जातात. मग स्वतःचाच क्रॅश स्वतःला दिसत नाही. छोट्या व्हर्च्युअल मशीनवर हे हमखास आढळते. उपाय असा:

सूडो एमकेडीआयआर -पी /व्हार/लॉग/जर्नल
सूडो सिस्टमडी-टीएमपीफाइल्स --क्रिएट --प्रिफिक्स /व्हार/लॉग/जर्नल
सूडो जर्नलसीटीएल --फ्लश

दुसरी ओळ गाळू नका. डिरेक्टरीचा ग्रुप आणि एसीएल तीच बसवते. नुसत्या एमकेडीआयआरने बनवलेल्या डिरेक्टरीवर ते नसतात. यानंतर स्लीपचा प्रयोग पुन्हा करा. नवा क्रॅश साध्या युजरला दिसला पाहिजे.

दुसऱ्यांचे किंवा सर्व्हिसचे क्रॅश पाहायचे असतील तर सिस्टमडी-जर्नल हा ग्रुप लागतो:

सूडो युजरमॉड -एजी सिस्टमडी-जर्नल युजरचेनाव

यातला ‘जी’ मात्र मोठ्या लिपीत लिहायचा. पर्यायातले पहिले ‘ए’ विसरलात तर त्या युजरचे बाकीचे सगळे जोड-ग्रुप जातात, सूडोचा ग्रुपसुद्धा. दुसरी चूक म्हणजे लगेच तपासून ‘चालत नाही’ म्हणणे. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी ठरते. ‘आयडी युजरचेनाव’ ही कमांड खात्याच्या नोंदवहीत पाहते आणि नवा ग्रुप लगेच दाखवते; नुसती ‘आयडी’ चालू शेलचे खरे ग्रुप दाखवते. दोन्ही उत्तरे वेगळी आली तर लॉगआउट करून परत या. टीमक्सचे जुने सेशन चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर त्यातल्या प्रत्येक खिडकीत जुनेच ग्रुप राहतील.

हा ग्रुप देताना मात्र दोनदा विचार करा. क्रॅशच्या नोंदीत कोसळलेल्या प्रोसेसचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही साठवले जातात, ‘कोअरडम्प_एन्व्हायरन’ या नावाच्या रकान्यात. एपीआयची किल्ली किंवा पासवर्ड व्हेरिएबलमधून देणारी सर्व्हिस असेल तर ते गुपित कोअर फाइल न उघडताच जर्नलमधून वाचता येते. ‘लॉग वाचायचा तर ग्रुप आहे’ म्हणून तो सरसकट वाटू नये.

दुसरे कुलूप: फाइलवरचा एसीएल

ग्रुप मिळाला, यादी दिसू लागली, पण सर्व्हिसच्या क्रॅशसमोर ‘इनअ‍ॅक्सेसिबल’ लिहिलेले. इथे लोकांना वाटते की ग्रुप लागला नाही. तो लागलेला असतो. तो फक्त नोंदींचा होता. फाइलशी त्याचा संबंध नाही.

कोअर फाइल रूटच्या मालकीची असते आणि तिची परमिशन ०६४०. कोसळलेली प्रोसेस ज्याची होती त्याला वाचता यावे म्हणून एसीएलमध्ये त्याच्या यूआयडीची एक ओळ जोडलेली असते. एलएस -एल मध्ये परमिशनच्या शेवटी अधिकचे चिन्ह दिसते ते यामुळेच. पूर्ण चित्र पाहण्यासाठी:

सूडो गेटएफएसीएल /व्हार/लिब/सिस्टमडी/कोअरडम्प/फाइलचेनाव

निरोगी फाइलवर साधारण असे दिसते:

युजर::आरडब्ल्यू-
युजर:१००१:आर--
ग्रुप::आर--
मास्क::आर--
अदर::---

१००१ची ओळ मूळ युजरची. तिच्या बरोबरीने ‘मास्क’ची ओळ नीट पाहा, कारण सर्वाधिक नुकसान इथे होते. एसीएल असलेल्या फाइलवर एलएस जे मधले तीन अक्षरांचे घर दाखवते, ते ग्रुपचे नसून मास्कचे असते. कोणी सुरक्षेच्या नावाखाली त्या डिरेक्टरीत सीएचमॉड ६०० चालवले की मास्क रिकामा होतो. युजर १००१ची ओळ तशीच राहते, पण तिच्यापुढे ‘इफेक्टिव्ह:---’ अशी टीप येते. ओळ असूनही हक्क नाही. वरवर पाहणाऱ्याला वाटते एसीएल ठीक आहे, आणि तो सेलिनक्सपर्यंत (लिनक्सच्या वेगळ्या सुरक्षा-यंत्रणेपर्यंत) शोध घेत जातो. दुरुस्ती एका ओळीची आहे:

सूडो सेटएफएसीएल -एम एम::आर फाइलचेनाव

एसीएलची ओळच नसेल तर कारणे वेगळी. फाइल एका डिस्कवरून दुसरीवर हलवताना सीपी साध्या रूपात वापरले असेल तर एसीएल मागेच राहतो. सीपीला -ए, आरसिंकला -ए लहान आणि -ए मोठे असे दोन्ही, आणि टारला --एसीएलएस द्यावे लागते. दुसरे कारण, ज्या फाइल सिस्टमवर ती डिरेक्टरी आहे तिला एसीएल चालत नाही. तिसरे, सिस्टमडीच एसीएलविना बांधलेला आहे. सिस्टमसीटीएल --व्हर्जनच्या उत्तरात एसीएलपुढे अधिक आहे की उणे, ते पाहा.

एसीएल ठीक, मास्क ठीक, तरी नकार? मग वाटेतली डिरेक्टरी अडवत असेल. फाइलपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर प्रवेशाचा, म्हणजे एक्सचा हक्क लागतो. कोअरडम्पची डिरेक्टरी मुळात ०७५५ असते. हार्डनिंगच्या, म्हणजे सुरक्षा कडक करणाऱ्या स्क्रिप्टने ती ०७०० केली तर आतल्या प्रत्येक फाइलसमोर सगळ्याच युजरना ‘इनअ‍ॅक्सेसिबल’ दिसते. नेमआय -एल आणि फाइलचा पूर्ण मार्ग दिला की पायरी-पायरीची परमिशन एकाखाली एक येते. कुठे अडले ते लगेच दिसते.

एसीएलमध्ये नाव नव्हे, आकडा असतो, याचा एक परिणाम सहज दुर्लक्षित होतो. खाते काढून टाकले आणि तोच यूआयडी पुढे दुसऱ्या माणसाला मिळाला, तर आधीच्याचे शिल्लक कोअर नव्या माणसाला वाचता येतात. फाइलच्या नावात प्रोग्रामच्या नावानंतर यूआयडी येतो, त्यामुळे शोधणे सोपे आहे. खाते काढताना त्या आकड्याच्या कोअर फाइलही काढा.

सर्व्हिसचे आणि सेटयूआयडी प्रोग्रामचे क्रॅश

वेब सर्व्हर, डेटाबेस अशा सिस्टम युजरच्या नावाने चालणाऱ्या प्रोसेसच्या कोअरला एसीएलची ओळ मुद्दामच जोडली जात नाही. डायनॅमिक युजर (सर्व्हिसपुरते तात्पुरते बनणारे खाते) आणि नोबडी (जवळपास हक्क नसलेले खाते) यांनाही नाही. म्हणजे सर्व्हिसच्या खात्यात शिरून कोअर वाचायचा प्रयत्न फुकट जातो. हा बिघाड नव्हे. वेब सर्व्हरमध्ये घुसलेल्या कुणाला जुने कोअर चाळता येऊ नयेत, हे चांगलेच आहे. अशी फाइल रूटकडूनच घ्यावी लागते. कशी, ते पुढे.

सेटयूआयडी प्रोग्राम (चालवणाऱ्याच्या नव्हे, फाइलच्या मालकाच्या हक्काने चालणारा) तुम्ही चालवला, तुमच्याच टर्मिनलवर कोसळला, आणि तरी कोअर तुम्हाला मिळत नाही. इथे एफएस डॉट एसयूआयडी_डम्पेबल ही कर्नलची सेटिंग येते. शून्य म्हणजे अशा प्रोसेसचा कोअर नाही. दोन म्हणजे कोअर घ्या, पण फक्त रूटला वाचता येऊ दे. सिस्टमडी आपल्यासोबत हीच किंमत देते. एक म्हणजे बिनशर्त कोअर, आणि ती चालत्या सर्व्हरवर कधीच ठेवू नये. सिस्टमडी-कोअरडम्प पूर्वी हा भेद पाळत नव्हता आणि हक्क बदललेल्या प्रोसेसचा कोअरही युजरला वाचू देत होता. सीव्हीई-२०२२-४४१५ ही त्रुटी तीच (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटीचा नोंद क्रमांक). २०२५च्या मे महिन्यात सीव्हीई-२०२५-४५९८ पुढे आली: सेटयूआयडी प्रोसेस पाडून तिचा पीआयडी झटपट दुसऱ्या प्रोसेसला मिळवून द्यायचा, म्हणजे कोअर चुकीच्या हक्काने साठवला जातो. म्हणून ‘अपडेटनंतर कोअर वाचता येईना’ असे झाले असेल तर जुने वागणे परत आणायच्या मागे लागू नका.

सेटयूआयडी नसलेला प्रोग्रामही कधी याच रांगेत येतो. फाइलची परमिशन ०७११ असेल, म्हणजे चालवता येते पण वाचता येत नाही, तर कर्नल त्या प्रोसेसलाही तसाच जपतो.

कोअर बाहेर काढायचा सुरक्षित मार्ग

सूडो कोअरडम्पसीटीएल डीबग हा सोपा वाटणारा रस्ता टाळा. त्याने जीडीबी (चुका शोधायचा डीबगर) रूट म्हणून उघडतो, आणि परक्या प्रोसेसची मेमरी, तिची चिन्हे, लायब्ररीतल्या स्क्रिप्ट हे सगळे रूटच्या हक्काने हाताळले जाते. रूटचे काम फक्त फाइल देण्याचे. वाचन आपल्या खात्यातून करा:

यूमास्क ०७७
सूडो कोअरडम्पसीटीएल डम्प ४३१२ > अ‍ॅप.कोअर
जीडीबी /यूएसआर/बिन/अ‍ॅप अ‍ॅप.कोअर

४३१२च्या जागी यादीतला पीआयडी. इथे बाणाच्या चिन्हाला अर्थ आहे. फाइल सूडो उघडत नाही, तुमचा शेल उघडतो, म्हणून ती तुमच्या मालकीची होते. त्याऐवजी --आउटपुट वापरले तर फाइल रूटच्या नावाने बनते आणि मग सीएचओन करत बसावे लागते. यूमास्क आधी लावायचे, कारण फाइल बनताक्षणीच ती इतरांना बंद असायला हवी. एका जुळणीत अनेक क्रॅश असतील तर डम्प सर्वांत अलीकडचा घेतो. जुना हवा असेल तर त्याचा पीआयडी नेमका द्या. जीडीबीला मूळ प्रोग्रामची फाइलही वाचता आली पाहिजे, नाहीतर कोअर हातात असून स्टॅकमध्ये नावे येत नाहीत.

साठवलेला कोअर सहसा दाबलेल्या स्वरूपात असतो, एलझेडफोर किंवा झेडएसटीडी. डम्प तो उलगडून देतो, त्यामुळे जागा आधी पाहा. डिरेक्टरीत ८० एमबी दिसणारी फाइल बाहेर आल्यावर कितीतरी पट मोठी होऊ शकते.

टीममधल्या एकाला एकच कोअर दाखवायचा असेल तर सेटएफएसीएल -एम यू:नाव:आर त्या एका फाइलवर लावा. अख्खी डिरेक्टरी ग्रुपला उघडून देऊ नका.

सूडोअर्समध्ये ही कमांड देऊ नका

सूडोअर्स म्हणजे सूडोने कोणी काय चालवायचे ते ठरवणारी फाइल. ‘डेव्हलपरना फक्त कोअरडम्पसीटीएल चालवू द्या’ ही मागणी साधी दिसते, पण तिचा अर्थ पूर्ण रूट असा होतो. डीबग उपकमांड जीडीबी उघडते आणि जीडीबीत शेल लिहिले की रूटचा शेल मिळतो. --डीबगर पर्यायाने तर कुठलाही प्रोग्राम डीबगर म्हणून नेमता येतो. लांब उत्तर लेस या पेजरमध्ये (पानापानाने मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडते, आणि पेजरमधूनही शेल निघतो. सिस्टमडीच्या २४७ पूर्वीच्या आवृत्त्यांत हीच वाट उघडी होती, सीव्हीई-२०२३-२६६०४ म्हणून ती नोंदली आहे. द्यायचेच असेल तर पूर्ण ओळ ठरवून द्या, एकही तारांकित चिन्ह न ठेवता:

/यूएसआर/बिन/कोअरडम्पसीटीएल --नो-पेजर इन्फो /यूएसआर/बिन/अ‍ॅप

अ‍ॅपोर्ट-सीएलआय वापरणाऱ्यांसाठी

उबुंटूवरच्या अ‍ॅपोर्टचा हिशोब सोपा आहे, कारण नोंद आणि कोअर एकाच फाइलमध्ये असतात. /व्हार/क्रॅशमध्ये प्रोग्रामचा मार्ग, मग यूआयडी आणि शेवटी डॉट क्रॅश अशी नावे असतात, परमिशन ०६४०. नावातला आकडा तुमच्या आयडी -यू शी जुळत नसेल तर ‘हा अहवाल पाहायची परवानगी नाही’ असाच संदेश येणार. ही डिरेक्टरी कोणी पुसून साध्या एमकेडीआयआरने परत बनवली असेल तर तिच्यावर सर्वांना लिहायचा हक्क आणि स्टिकी बिट (दुसऱ्याची फाइल पुसू न देणारी खूण) राहिलेले नसतात. एलएस -एलडीच्या परमिशनमध्ये शेवटचे अक्षर टी आहे का ते पाहा.

एक लबाड प्रकार: त्याच प्रोग्रामचा न पाहिलेला जुना अहवाल पडून असेल तर अ‍ॅपोर्ट नवा लिहीत नाही, डिस्क भरू नये म्हणून. नवा क्रॅश ‘गायब’ झाल्यासारखा वाटतो. कारण /व्हार/लॉग/अ‍ॅपोर्ट.लॉगमध्ये लिहिलेले असते, पण तो लॉग वाचायला एडीएम ग्रुप लागतो.

रूटचा अहवाल उघडायला सूडो अ‍ॅपोर्ट-सीएलआय चालवावे लागतेच. तेव्हा पेजरचा वर सांगितलेला धोका इथेही होता: सीव्हीई-२०२३-१३२६, आवृत्ती २.२६.० आणि त्याआधीच्या. पॅकेज अद्ययावत आहे याची खात्री करा. अहवाल फोडायचा असेल तर अ‍ॅपोर्ट-अनपॅक सूडोने चालवल्यावर तयार झालेली डिरेक्टरी रूटची असते, आणि तिच्यात कोअर उघडा पडलेला असतो. काम झाल्यावर ती पुसा, आणि घरच्या डिरेक्टरीत काढून ठेवलेली अ‍ॅप.कोअरसुद्धा. टीएमपीफाइल्सची साफसफाई तिथपर्यंत पोहोचत नाही.